मुख्यालय सोडू नये

सोमवार, ६ फेब्रुवारी २००६

आज सामान लागलं. सामान म्हणजे दोन पेट्या, गाद्या, देवांचा डबा आणि रोजची भांडी. बाकी सगळं फुलसावंगीच्या खोलीत कुलपात ठेवून आलो.

हे क्वार्टर पाटबंधाऱ्याचं. तलावाच्या पाळीखाली सहा क्वार्टरं आहेत. पाचांना दारं-खिडक्या उरल्या नाहीत, सहाव्यात आम्ही. गाव इथून चार किलोमीटर. पाळीच्या टोकाशी दिवसातून दोन एसट्या थांबतात, त्याही हात दाखवला तर.

गावात राहणं शक्यच नव्हतं. हे कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर. डिसेंबरात एका व्यापाऱ्याचा ओला, पिवळा पडलेला कापूस यांनी पहिल्या दर्जाचा म्हणून घेतला असा आळ आला आणि महिन्याभरात निलंबन. ज्यांच्या बैलगाड्या चार-चार दिवस केंद्राबाहेर उभ्या होत्या ती माणसं कशाला आमचं ऐकून घेतील? परवा दूध आणायला गेले तर एक बाई माझ्या पायाशी थुंकली. मी तिला ओळखतही नाही. बरं, गाव सोडून जावं तर आदेशात लिहिलंय, निलंबन काळात मुख्यालय सोडू नये. मुख्यालय फुलसावंगी. जिथे तोंड दाखवता येत नाही तिथेच राहायचं.

घनश्यामदादा नसता तर काय झालं असतं कोण जाणे. माझा मामेभाऊ, आणि यांचा जिल्ह्याचा साहेबही तोच. हे क्वार्टर त्यानेच मिळवून दिलं. म्हणाला, "कुंदे, लोकांपासून लांब राहा. कोणाशी काही बोलू नका, काही लिहून देऊ नका. मी आहे ना."

नेरला सासूबाईंना आणि अमरावतीला होस्टेलवर लेकीला, स्पृहाला सांगितलंय की यांना स्पेशल ड्यूटी लागली. हेही दादानेच सुचवलं. खोटं बोलताना माझी जीभ अडखळली, पण सासूबाईंचं वय बहात्तर. त्यांना हे झेपायचं नाही.

गुरुवार, ९ फेब्रुवारी

हे बोलत नाहीत. तीन दिवसांत "हो", "नको" आणि "ताट वाढ" एवढंच. दिवसभर खिडकीशी बसून पाण्याकडे पाहतात.

दुपारी एक म्हातारा आला. धावजी. पलीकडच्या तांड्यातला, मच्छीमार सोसायटीने तलाव राखायला ठेवलेला. हातात बांबूची काठी, तिला तंगूस म्हणजे नायलॉनचा दोरा, तरंगायला मोराचं पीस आणि गळ. यांच्यापुढे धरून म्हणाला, "साहेब, घरात बसून डोकं फिरते मानसाचं. चला, पान्यापाशी बसू."

मी आतून म्हटलं, "आमच्यात मासे चालत नाहीत."

"खाऊ नका ना बाई. पकडाले काय हरकत हाय?"

आणि हे उठले! चपला घालून त्याच्या मागे गेले. मी पाहतच राहिले. यांच्या घराण्यात तीन पिढ्या कारकुनीत आणि वकिलीत गेल्या, कोणी गळ हातात धरला नसेल.

शनिवार, ११ फेब्रुवारी

"थोडी कणिक दे." पाच दिवसांतलं पहिलं पूर्ण वाक्य, आणि तेही माशांसाठी. दिली.

संध्याकाळी हात हलवत आले. कणिक पाण्यात विरघळते म्हणे. माझी कणिक! एकवीस वर्षं माझ्या पोळ्या खाऊन आज मला सांगतात की कणिक विरघळते.

मंगळवार, १४ फेब्रुवारी

कणकेत निम्मं बेसन घातलं, घट्ट मळली, गोळे उकडीसारखे वाफवून घेतले. पंधरा मिनिटं टिकले म्हणे. पुरेसं नाही.

धावजीची बायको बिजलीबाई आली होती. हातात कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या आणि आवाज असा की पाण्यापलीकडून ऐकू यावा. माझे गोळे हातात घेऊन हुंगले आणि हसत सुटली. "हे काय केलं माय? याले वासच नाई. मासा काय डोयानं खाते?"

मग तिने सांगितलं ते लिहून ठेवते. रोहूला सरकीची ढेप आवडते, भाजून कुटलेली. कटला वर-वर फिरतो, त्याला गोड वास लागतो, मोहफुलं भिजवून घालावीत. मागूर तळाच्या चिखलात राहतो, त्याला घाणच हवी, कोंबडीची आतडी. ते माझ्या घरात शक्य नाही, हे मी स्पष्ट सांगितलं.

"आन् गोया फुटू नाई म्हनून त्यात कापूस घालाव लागते. थोडासा. पिंजून."

वातींसाठी कापूस होताच. यांच्यासमोर ठेवला. यांनी चिमूटभर उचलला, दोन्ही अंगठ्यांत धरून हळूच ओढला, पुन्हा जुळवला, पुन्हा ओढला. मग उजेडात धरून म्हणाले, "धागा चांगला आहे. एकोणतीस मिलिमीटर भरेल." किती दिवसांनी तो आवाज ऐकला. हाच कापूस आणखी थोडा वेळ यांच्या हातात राहावा म्हणून मी उगाच विचारत बसले, हा कुठला, पहिल्या वेचणीचा का, रंग असा का. सगळं सांगितलं.

रविवार, १९ फेब्रुवारी

गावात जाऊन बूथवरून फोन केले. सासूबाई म्हणाल्या, "नीळकंठ बरा आहे ना? जेवतो ना?" मी म्हटलं, कामात आहेत. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "बरं. तुम्हाला सवड होईल तेव्हा या." किती समजूतदार.

स्पृहाशीही बोलले. बारावीचा पेपर जवळ आलाय. बाबांच्या ड्यूटीबद्दल ती हल्ली विचारतच नाही. अभ्यासात बुडाली असणार.

गुरुवार, २ मार्च

आज तीन मासे! दोन रोहू आणि एक मिरगल. भाजलेली ढेप, बेसन, मोहफुलांचं पाणी आणि कापूस. हे मासे धावजीला देऊन आले. मला उगाच अभिमान वाटला, मग देवापुढे दिवा लावताना लाज वाटली. जीव घ्यायला मीच शिजवून देते आहे. पण उद्याचं भिजवून ठेवलंच.

धावजी मात्र हसत होता. "बाईचा चारा नंबर एक. पन साहेब झटकाच देत नाई. पीस पान्यात जाते, मासा ओढते, साहेब पायत राह्यते. हे तिनई मासे आपल्याच खुशीनं अटकले."

मी यांना विचारलं, झटका का देत नाही? म्हणाले, "लक्ष नसतं."

बुधवार, ८ मार्च

घनश्यामदादा आला. जीप पाळीवर दिसली आणि हे काठी घेऊन पलीकडच्या काठाला निघून गेले. इतकं चुकीचं वागतात! माणूस यवतमाळहून इतक्या लांब येतो, पेढे आणतो, आणि ज्याच्यासाठी येतो त्याला तोंड दाखवायची इच्छा नाही. मला माफी मागावी लागली.

दादा म्हणाला, "असू दे. मन खचलंय. एवढं सांग, दोषारोपपत्राला उत्तर पाठवू नका म्हणावं. उत्तर दिलं की प्रकरण वाढतं. मी मुंबईपर्यंत बोललोय, आपोआप थंड होईल."

मग सहज विचारलं, केंद्राचे काही कागद घरी आहेत का. मी म्हटलं, मला माहीत नाही. पेढे उत्तम होते.

हे आल्यावर मी चांगली कानउघाडणी केली. निमूट ऐकलं. शेवटी म्हणाले, "तुझा भाऊ आहे, कुंदा. मी काय बोलू?" मी म्हटलं, माझा भाऊ आहे म्हणूनच तर धावतोय.

मंगळवार, १४ मार्च

आज होळी. तांड्यावर सकाळपासून लेंगीची गाणी चालू आहेत. बिजलीबाई बोलवायला आली होती. गेले नाही. कोणी विचारलं, साहेब काय काम करतात, तर काय सांगू?

पाणी उतरतंय. पाळीखाली चिखलाचा काळा पट्टा रोज रुंद होतोय. धावजी म्हणतो, तलाव आटला की मासे मधल्या डोहात गोळा होतात. दिसतात, फिरतात, पण जाणार कुठे? 

रविवार, १९ मार्च

मागुरासाठी मी माझा उपाय काढला. आंबट झालेलं ताक, ज्वारीचं पीठ, हिंग आणि ठेचलेला लसूण, तीन दिवस मडक्यात. वास असा सुटला की हे म्हणाले, घरात मी राहीन किंवा हे मडकं. विनोद केला! तब्बल दोन महिन्यांनी.

आणि मागूर लागला. हातभर लांब, मिशाळ, काळा. पाण्याबाहेर काढल्यावरही अर्धा तास जिवंत. बिजलीबाईने माझ्या पाठीत धपाटा घातला, "आतडीबिगर मागूर! बामनीन जादू करते."

स्पृहाचा पेपर संपला. सुट्टीत इकडे येऊ का म्हणाली. मी म्हटलं, इथे सोय नाही बाळा, तू नेरलाच जा आजीकडे. ती म्हणाली, "आई, मला सोयीचं काही नाही." मी फोन ठेवला. बूथवाल्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं.

बुधवार, २२ मार्च

दादा पुन्हा आला. हे पुन्हा पलीकडे गेले. आता मला त्याचीही सवय झाली.

दादा घाईत होता. म्हणाला, "कुंदे, नीळकंठराव खिशात एक छोटी वही ठेवायचे, निळ्या पुठ्ठ्याची. ती मिळाली तर वकिलाला दाखवता येईल. सगळं तिच्यावर सुटेल."

मला आठवलं. पेटीत स्वेटरच्या घडीत ठेवलेली होती. काढून दिली. दादाने दोन-तीन पानं उलटली, बॅगेत न ठेवता शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली. चहा टाकला होता तोही घेतला नाही. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "तू माझं मोठं काम केलंस."

आज खूप हलकं वाटतंय. काहीतरी आपल्या हातून झालं.

शनिवार, २५ मार्च

सकाळी हे पेटी उपसत होते. काय शोधता, विचारलं तर म्हणाले, वही. चौकशीची तारीख लागली, अठरा एप्रिल. मी आनंदाने सांगितलं, ती दादाकडे दिली, वकिलासाठी.

हे पेटीच्या झाकणावर बसले. माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखाद्या लहान मुलाच्या हातून दुधाचं भांडं सांडल्यावर पाहावं तसं.

"बरं," म्हणाले. आणि भिंतीकडे तोंड करून निजले.

गुरुवार, ३० मार्च

पाडवा. गुढी उभारली नाही. पाच दिवस झाले, हे उठत नाहीत. जेवण ताटात तसंच. धावजी दोनदा दारात येऊन परत गेला. मी विचारून विचारून थकले, झालं काय? एकच उत्तर, काही नाही.

कटल्यासाठी भिजवलेलं मिश्रण आज टाकून द्यावं लागलं असतं. मी ते घेतलं, काठी घेतली आणि पाळ उतरून गेले. का गेले, सांगता येणार नाही. त्या खोलीत आणखी एक तास बसले असते तर मी ओरडले असते.

बिजलीबाई काठावर धुणं धूत होती. तिने गोळा लावून दिला. मी बसले. ऊन डोक्यावर, पाण्याला चिखलाचा वास, आणि ते मोराचं पीस पाण्यावर उभं. मग ते नाहीसं झालं.

"झटका दे माय! दे!" बिजलीबाई किंचाळली.

मी दिला. दोन्ही हातांनी, असेल नसेल तेवढ्या जोराने. काठी वाकली, मी गुडघ्यापर्यंत पाण्यात ओढली गेले. बिजलीबाई मागून माझ्या कमरेला धरून. ओढ, सोड, ओढ, सोड, असं किती वेळ चाललं कोण जाणे. चिखलावर आला तेव्हा तो केवढा! कटला, डोकंच माझ्या ताटाएवढं. माझा तळहात तंगुसाने कापला होता आणि मी रडत होते. बिजलीबाई म्हणाली, "रडू नको, हे पाय, पाच किलोचा हाय."

मासा तिलाच दिला. ओल्या लुगड्याने, चिखलाच्या पायांनी घरात आले. हे भिंतीकडे तोंड करूनच होते. पाण्याचा थेंब थेंब आवाज ऐकून वळले. माझा हात पाहिला, उठून बसले.

"कशावर लागला?"

"मोहफुलांवर. झटका दिला मी."

यांनी माझ्या हाताला हळद लावली, पट्टी बांधली. पट्टी बांधतानाच बोलायला लागले.

शुक्रवार, ३१ मार्च

काल लिहिता आलं नाही पुढचं.

त्या वहीत तारखा होत्या. कोणत्या दिवशी व्यापाऱ्याची कोणती गाडी आली, कापसात ओल किती, आणि कोणाचा फोन आला की पहिल्या दर्जात घ्या. फोन घनश्यामदादाचा. सगळे. अकरा गाड्या, अकरा फोन. यांनी दोनदा नाही म्हटलं, तेही लिहून ठेवलं होतं. मग यांनी सही केली. "केली मी," म्हणाले. "बाहेर शेतकऱ्यांच्या गाड्या उभ्या होत्या आणि मी आतून सही केली. ते मी नाकारणार नाही."

मी विचारलं, मला का सांगितलं नाही?

"त्याने तुला लहानपणी सायकल शिकवली म्हणतेस. दर राखीला ती गोष्ट सांगतेस."

 मग मी दारात जाऊन बसले. पेढ्यांचा रिकामा डबा मी हिंग ठेवायला वापरत होते, तो पाण्यात फेकला. त्याने काय होणार.

सोमवार, ३ एप्रिल

शुक्रवारी रात्री हे म्हणाले, चौकशीला जात नाही, पुरावा नाही, काय बोलू. मी म्हटलं, तोंडाने बोला. डोक्यातून वही कोणी काढून नेली नाही.

तीन दिवस बसून यांनी आठवेल ते लिहिलं. नऊ गाड्यांचे नंबर आठवले. दोन नाही आठवले, ते नाही लिहिले.

मंगळवार, १८ एप्रिल

यवतमाळहून आत्ताच आलो. मुख्यालय एक दिवस सोडण्याची परवानगी अर्ज करून घ्यावी लागली.

चौकशी अधिकारी पोक्त माणूस होता. दादा शेजारच्या खुर्चीत. मला पाहून उभा राहिला, "कुंदे, तू कशाला आलीस एवढ्या उन्हात?" 

मला आत घेत नव्हते, साक्षीदारांच्या यादीत नाव नाही म्हणून. मी दारातूनच सांगितलं, वही होती. निळ्या पुठ्ठ्याची. बावीस मार्चला मी स्वतःच्या हाताने या साहेबांना दिली.

अधिकाऱ्याने विचारलं, "पावती घेतली?"

"भावाकडून कोण पावती घेतं?"

"वहीत काय लिहिलं होतं?"

"मी उघडून पाहिली नाही," मी म्हटलं. तेच खरं होतं. एकवीस वर्षं यांचे कपडे धुते, खिसे उलटे करते, पण वही कधी उघडली नाही.

दादा हळू आवाजात म्हणाला, "साहेब, बहिणीच्या मनावर परिणाम झालाय. तलावावर मासे पकडत फिरते म्हणतात." दोन कारकून हसले.

तेव्हा हे उभे राहिले. आणि बोलले. अर्धा तास, न थांबता. गाड्यांचे नंबर, तारखा, ओल, धाग्याची लांबी, फोनवर वापरलेले शब्द. स्वतःची सही कुठे कुठे आहे तेही. दादाकडे एकदाही पाहिलं नाही.  अधिकारी सगळं लिहून घेत होता. शेवटी म्हणाला, "हे तुम्ही दोषारोपपत्राच्या उत्तरात द्यायला हवं होतं."

येताना एसटीत यांनी माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं. लोकांसमोर, भर दिवसा. मी सरकले नाही.

गुरुवार, १५ जून

निर्णय नाही. तलावात वीण सुरू झाली म्हणून सोसायटीने मासेमारी बंद ठेवली आहे. धावजीने काठ्या छपरात खोचल्या. आता दिवस कसे जाणार?

स्पृहाला शहाऐंशी टक्के. पेढे वाटावेत असं वाटलं, पण पेढा तोंडाजवळ नेववत नाही. तांड्यावर गूळ वाटला. बिजलीबाईने विचारलं, पोरगी येत काहून नाई? मी म्हटलं, तिला खरं सांगितलेलं नाही. बिजलीबाईने गुळाचा खडा पदरात बांधला. "तुमाले वाटते पोराले कयत नाई?" एवढंच बोलली आणि गाईमागे गेली.

सोमवार, ७ ऑगस्ट

आदेश आला. सक्तीची सेवानिवृत्ती. यांच्या सह्या आहेत हे सिद्ध, वरून फोन आले हे सिद्ध झालं नाही. दादाची बदली झाली, म्हणे बढतीवर.

हे आदेश दोनदा वाचून म्हणाले, "सह्या माझ्याच होत्या." मग खालची ओळ बोट ठेवून दाखवली. आता मुख्यालयाची अट राहिली नाही.

म्हणजे कुठेही जाता येईल. आम्ही दोघं दारात बसून राहिलो. सहा महिने ज्याची वाट पाहिली ते मिळालं आणि जावं कुठे हे सुचेना. नेरला काय तोंडाने जायचं?

बुधवार, ९ ऑगस्ट

राखी. पोस्टात टाकली नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

गुरुवार, १० ऑगस्ट

मी एकटीच सकाळच्या एसटीने गावात गेले. बूथवर चार माणसं रांगेत. त्यात ती बाईही होती, पायाशी थुंकणारी. म्हटलं, ऐकू दे.

सासूबाईंना सगळं सांगितलं. निलंबन, स्पेशल ड्यूटी खोटी, वही मी दिली, सह्या यांच्या होत्या, नोकरी गेली. एका दमात. 

मला वाटलं, आता त्या बसल्या खुर्चीत कोसळणार. 

पण त्या म्हणाल्या, "घनश्याम फेब्रुवारीतच आला होता. नीळकंठने पैसे खाल्ले म्हणून सांगायला. स्पृहा इथेच होती तेव्हा, अभ्यासाच्या सुट्टीला आलेली."

"मग तुम्ही..."

"मी त्याला म्हटलं, माझा मुलगा मला सांगेल तेव्हा मी ऐकीन. तुझं ऐकायचं नाही. चहासुद्धा दिला नाही मी त्याला." मग त्यांचा आवाज बारीक झाला. "रोज वाटायचं, आज सांगाल. दर रविवारी फोन वाजला की स्पृहा तिकडे आणि मी इकडे, हेच वाटायचं. कुंदा, मागची खोली फेब्रुवारीतच झाडून ठेवली आहे ग मी."

 फोन ठेवून वळले तर त्या बाईने सरकून मला जायला वाट दिली. 

एसटी नव्हती म्हणून चालत आले. हे पाळीवर धावजीबरोबर बसलेले. धावजीने माझा चेहरा पाहिला आणि उठून गेला. मी यांना सांगितलं, जसं ऐकलं तसं, शब्द न बदलता.

 हे म्हणाले, "म्हणजे आपण केव्हाही जाऊ शकत होतो."

"परवानगी काढून, हो. एकेक दिवस."

"परवानगीचं नाही म्हणत मी."

आणि मग हे रडले. लग्नाला एकवीस वर्षं झाली, मी पहिल्यांदा पाहिलं. मी शेजारी बसले. पाळीच्या टोकाशी दुपारची एसटी आली, ड्रायव्हरने आमच्याकडे पाहून हॉर्न दिला. आम्ही हात दाखवला नाही. पेट्या भरायच्या होत्या. उद्याची सकाळची धरू.